कार्यालयातील ‘हेडशॉट’ आणि फ्लॅशची प्रकाशयोजना

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘आमचे सहकारी’ असे एक पान हमखास असते. संचालकांचे छायाचित्र स्टुडिओत काढलेले, विक्रीप्रमुखांचे कुठल्याशा लग्नसमारंभातून कापून घेतलेले (शेजारच्या पाहुण्याचा खांदा तसाच राहिलेला) आणि लेखा विभागातील कर्मचाऱ्यांचे थेट ओळखपत्रावरचे, असा प्रकार तेथे पुष्कळदा आढळतो. ही सर्व मंडळी एकाच छताखाली काम करतात, यावर विश्वास बसू नये. छातीपासून वरच्या भागाच्या या छायाचित्राला व्यवसायात ‘हेडशॉट’ म्हणतात. २००३ मध्ये ‘लिंक्डइन’ सुरू झाले आणि पुढे प्रत्यक्ष भेटीआधी चेहरा पाहण्याची सवय ग्राहकांना व नोकरी देणाऱ्यांना लागली. त्यामुळे अनेक कंपन्या आता छायाचित्रकाराला कार्यालयातच बोलावतात. सभेच्या खोलीत तासाभरात तात्पुरता स्टुडिओ उभा राहतो.

या खोलीतील मोठी अडचण म्हणजे तिथला प्रकाश. ट्यूबलाइट असो वा एलईडीचे पॅनेल, उजेड डोक्यावरून खाली पडतो. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावल्या साचतात. चांगला झोपलेला माणूसही थकलेला दिसतो. त्यातच खिडकीतून येणारा निळसर उजेड मिसळला की एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. स्टुडिओ फ्लॅशचा खरा उपयोग येथे आहे. केवळ उजेड वाढवणे हे त्याचे काम नव्हे. खोलीतला नको असलेला उजेड चित्रातून काढून टाकणे, हे त्याचे मोठे काम.

हे घडते कसे? फ्लॅशचा झोत सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात येऊन जातो. शटर त्यापेक्षा बराच अधिक वेळ उघडे असते. त्यामुळे शटरचा वेग बदलल्याने फ्लॅशचा उजेड कमीजास्त होत नाही, खोलीचा मात्र होतो. आयएसओ १००, छिद्रमान एफ/८ आणि शटर १/१६० सेकंद ठेवून, फ्लॅश बंद असताना एक चित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले की खोलीचा हिशेब मिटला; यापुढे दिसेल तो प्रकाश केवळ आपण लावलेला. शटर मात्र कॅमेऱ्याच्या ‘सिंक’ मर्यादेच्या, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० सेकंदांच्या, पुढे नेऊ नये. नेल्यास चित्राच्या एका कडेला काळा पट्टा उमटतो.

मुख्य दिवा एकच पुरतो. २०० ते ४०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश आणि त्यावर ६० ते ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री. दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला सुमारे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि साधारण एक मीटर अंतरावर असावा. नवखे छायाचित्रकार दिवा लांब नेतात. लांबून प्रकाश ‘सौम्य’ होईल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात उलट होते. प्रकाशाचा सौम्यपणा दिवा चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो यावर ठरतो. लांब नेलेला सॉफ्टबॉक्स चेहऱ्यासाठी लहान होतो आणि सावल्यांच्या कडा धारदार बनतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की सावलीत पुरेसा उजेड परततो. भिंती नारिंगी किंवा हिरव्या असतील, तर त्यांवरून उसळणारा रंगही गालावर येतो. अशा वेळी खोली बदललेली बरी.

अंतराच्या या गणिताचा आणखी एक फायदा आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण एक चतुर्थांश होतो, तिप्पट झाले की एक नवमांश. म्हणून चेहरा दिव्यापासून एक मीटरवर आणि मागची पांढरी भिंत तीन मीटरवर असेल, तर चित्रात ती भिंत चक्क करडी दिसते. करडा पडदा विकत घेण्याची गरज उरत नाही. पार्श्वभूमी फार गडद झाली, तर काळे केस तिच्यात विरून जातात. तेव्हा मागून, कमी शक्तीचा दुसरा दिवा केसांच्या कडेवर द्यावा. कॅमेरा साधारण दोन मीटरवर आणि भिंग ८५ मिलिमीटरचे (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ते ६० चे) असावे. हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात.

चष्मा ही जवळपास प्रत्येक कार्यालयातली समस्या. काचेवर सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन उमटला, तर दिवा आणखी वर किंवा बाजूला सरकवावा. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, तरी काचा खाली झुकतात आणि परावर्तन कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे वळते.

याहून नाजूक विषय त्वचेच्या रंगाचा. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोडॅकच्या नमुनापत्रावर गोऱ्या तरुणीचे चित्र असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती एकत्र दाखवणारी पत्रे १९९० च्या दशकात आली. डिजिटल कॅमेऱ्याला ही सबब नाही, तरीही सावळ्या व्यक्तीसाठी एक्स्पोजर वाढवायचे आणि उरलेले काम संगणकावर गोरे करून पूर्ण करायचे, ही खोड आपल्याकडे टिकून आहे. मागितले नसतानाही ही ‘सेवा’ दिली जाते. अशा चित्रातील माणूस प्रत्यक्ष समोर आला की ओळखू येत नाही, आणि मग चित्राचा उपयोगच काय?

फ्लॅशमीटर यावर सरळ उपाय देतो. हनुवटीखाली धरलेला मीटर चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजतो, चेहऱ्यावरून परतणारा नव्हे. त्याने एफ/८ दाखवले की ते गोऱ्याला आणि सावळ्याला सारखेच लागू. व्यक्तीगणिक आकडे बदलायचे नाहीत. सावळ्या त्वचेवर चेहऱ्याची ठेवण मुख्यतः तिच्या चकाकीतून उठून दिसते. लहान दिव्याची चकाकी टोचते, मोठ्या, जवळच्या दिव्याची पसरते. घाम किंवा तेल टिश्यू पेपरने टिपून घ्यावे. पावडरचा थर टाळावा, तो फ्लॅशखाली राखेसारखा पांढरट दिसतो. व्हाइट बॅलन्सही ‘ऑटो’वर सोडू नये. लाल साडी समोर आली की कॅमेरा गोंधळतो आणि चेहऱ्याचा रंग सरकतो. करड्या कार्डावरून एकदा, साधारण ५५०० केल्व्हिनच्या आसपास, तो निश्चित करावा.

चाळीस जणांना प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी सव्वातीन तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात खुर्ची सरकते, दिवा हलतो. म्हणून खुर्ची आणि स्टँडच्या पायांशी चिकटपट्टीची खूण करतात. काही जण दिव्याच्या स्टँडला सुतळी बांधून तिचे टोक प्रत्येकाच्या नाकापर्यंत येते का, हे पाहतात. हा प्रकार हास्यास्पद दिसतो खरा, पण पहिले आणि चाळिसावे चित्र एकसारखे येते. सारी अंतरे, फ्लॅशची शक्ती व कॅमेऱ्याचे आकडे वहीत लिहून मोबाइलवर मांडणीचा फोटो घेऊन ठेवावा, कारण सहा महिन्यांनी रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र याच पानावर, याच चेहऱ्यांच्या शेजारी लागणार असते.