गवत कापायची यंत्रं कुठून आली, आणि आपल्या माळावर कशी चालवायची



पाऊस उघडला की सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातल्या माळांवर ब्रश कटरचा आवाज सुरू होतो. काही जण ट्रॅक्टरला स्लॅशर जोडून डोंगराचा उतारही साफ करून घेतात. मजूर मिळंना गेलेत, त्यामुळं मशीन आली हे बरंच झालं. पण कोणती मशीन कसल्या जमिनीसाठी तयार झाली हे माहीत नसलं की पातं तुटतं, गिअर जातो, आणि कधी माणूसही जायबंदी होतो. म्हणून आज या यंत्रांचा थोडा इतिहास सांगतो.

आपल्या हिंगोलीचा आणि गवताचा संबंध जुना आहे. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. घोडदळ म्हटलं की रोज गवत लागणार. त्या काळच्या घोडदळात गवत आणायला घसियारे असत. खुरप्यानं गवत मुळाजवळून खरवडायचं, माती झटकायची आणि तट्टावर लादून आणायचं, हे त्यांचं काम. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. विळा-खुरपं मात्र आपल्या हातात राहिलं. विळ्याचं एक बरं असतं, गोटा लागला की हात आपोआप थांबतो. यंत्राला ते कळत नाही. म्हणून गोट्याचं काय करायचं, हा प्रश्न खडकाळ रानात चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला सोडवावा लागला.

हिरवळ कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं केलं, १८३० साली. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र असतं, ते बघून त्याला ही कल्पना सुचली. गोल फिरणारी पाती आणि खाली एक स्थिर पातं, कात्रीसारखं. सपाट हिरवळीसाठी ते उत्तम. पण पात्यांमध्ये बारीक खडा अडकला तरी धार गेली. आपल्या मुरमाड माळावर त्याचा उपयोग नाही.

मग १९५१ साली अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात, ट्रॅक्टरमागं चालणारा बुश हॉग कटर आला. आपला आजचा स्लॅशर त्याच जातीचा. त्यात पाती घट्ट आवळलेली नसतात, जाड बोल्टावर मोकळी झुलत असतात. फिरण्याच्या जोरानं ती सरळ राहतात, आणि गोटा किंवा खुंट लागला की मागं सरतात. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. आपल्याकडं काही जण पातं खडखडतंय म्हणून त्याला वेल्डिंग मारून जाम करतात. मग गोट्याचा सगळा दणका गिअर बॉक्सवर येतो. बोल्ट झिजला तर नवा टाका, पण पातं झुलतं ठेवा. शिअर बोल्टचंही तसंच. तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी कडक बोल्ट घातला की बोल्ट वाचतो आणि शाफ्ट जातो.

तिसरं यंत्र १९७१ चं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस या माणसानं गाडी धुवायच्या मशीनचे फिरणारे ब्रश पाहिले. त्यावरून पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरवून गवत कापायची युक्ती त्यानं काढली. दोरी गोट्यावर आपटली तर तिचं टोक तुटतं, बाकी नुकसान नाही. म्हणून गोटाळ जागी आणि बांधाच्या दगडांलगत दोरीच लावावी. घाणेरीसारख्या लाकडी झुडपाला मात्र तीन पात्यांचं लोखंडी पातं लागतं. आणि लहान आंब्या-सीताफळाच्या बुडाशी दोरीही नको, ती साल सोलून काढते आणि झाड वाळतं.

उताराचीही एक गोष्ट आहे. ट्रॅक्टर उलटून माणसं मरायला लागली तेव्हा स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरला ड्रायव्हर वाचवणारी मजबूत चौकट सक्तीची केली. आपल्या कितीतरी ट्रॅक्टरांना ती अजून नाही. म्हणून उतारावर स्लॅशर वर-खाली चालवा, आडवा नको, आणि चढ जास्त असेल तर तेवढा भाग हातातल्या मशीनवर सोडा. हातातली मशीन मात्र उताराला आडवं चालून वापरायची, म्हणजे पाय घसरला तरी पातं अंगावर येत नाही.

दोन वर्षांखाली शेजारच्या माळावर एका गड्याच्या नडगीला उडालेला गोटा लागला, महिनाभर घरी बसला. मशीनचं गार्ड काढून ठेवलेलं होतं. गार्ड, चष्मा आणि बूट नसंल तर मशीन सुरूच करू नका. आजूबाजूला किमान १५ मीटरमध्ये माणूस, जनावर नको.

देखभाल थोडक्यात सांगतो. रोज काम संपलं की एअर फिल्टर झटका. कटरच्या तोंडावरल्या गिअरला वेळेवर ग्रीस द्या. टू स्ट्रोक असंल तर पेट्रोलमधी ऑइल पुस्तिकेत दिलंय तेवढंच टाका. पात्याच्या सगळ्या बाजू सारख्या घासा, नाहीतर मशीन थरथरते आणि बेअरिंग जातं. बहुतेक ब्रश कटरच्या पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, जोर लावायच्या आधी ते बघून घ्या. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा.

शेवटचं आणि माझ्या मते महत्त्वाचं. विळ्यानं कापताना बरंच गवत मागं राहायचं, त्याचं बी पडायचं. मशीन एका दिवसात सगळा माळ साफ करते. शेडा, पवन्या, मारवेल ही चांगली गवतं बी पडायच्या आधीच दरवर्षी कापली तर हळूहळू कमी होतात आणि त्यांच्या जागी तरोटा नि गाजर गवत घुसतं. म्हणून कापणी चार बोटं वरून करा आणि दरवर्षी जागा बदलून एक पट्टा बियांसाठी सोडा. पात्याची धार टिकंल आणि जनावरांची वैरणही.

तुमच्या माळावर कोणतं पातं चांगलं टिकलं, ते जरूर लिहा.