ठाणे खाडीत फ्लेमिंगो का येतात आणि भरतीला जातात कुठे?

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधली ठाणे खाडी दर हिवाळ्यात गुलाबी दिसू लागते. नोव्हेंबरच्या सुमारास येणारे फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, पावसाळा तोंडावर येईपर्यंत इथे मुक्काम करतात. काही हंगामांत त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. एवढ्या गजबजलेल्या महानगरात या पक्ष्यांना मिळतं तरी काय?

कोणते फ्लेमिंगो?

खाडीत दोन जाती दिसतात : मोठा रोहित आणि लहान रोहित. संख्येनं लहान रोहित जास्त. भारतात या पक्ष्यांची वीण मुख्यतः गुजरातमधल्या कच्छच्या रणात होते. मुंबईत ते अंडी घालत नाहीत, फक्त पोट भरायला येतात.

चिखलातलं जेवण

ओहोटी लागली की खाडीकाठी चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात. लहान रोहित त्यातलं सूक्ष्म नील-हरित शेवाळ खातो, तर मोठा रोहित बारीक कवचधारी जीव आणि किडेही टिपतो. मान वाकवून, चोच उलटी करून तो जिभेनं पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या गाळणीत अन्न अडकतं. या अन्नातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याची पिसं गुलाबी होतात.

शेवाळ वाढण्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे त्याला खत मिळतं. म्हणून प्रदूषण चांगलं, असं मात्र नाही. कारखान्यांतून येणारे जड धातू गाळात साठतात आणि अन्नसाखळीत शिरतात. शिवाय गाळ साचून उथळ झालेल्या भागात कांदळवन पसरतं आणि उघडा चिखल कमी होतो.

भरतीला कुठे जातात?

भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग थवे नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्स भागातल्या तळ्यांवर आणि पाणथळ जागांवर विसावतात. ओहोटी लागली की परत खाडीत. त्यामुळे खाडी हे स्वयंपाकघर असेल, तर ही तळी म्हणजे ओसरी. एक बंद झाली तर दुसरीचा उपयोग उरत नाही.

संरक्षण कशाला आहे?

२०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ. पण भरतीच्या वेळची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथं भराव पडला किंवा खाडीचं पाणी आत येण्याचा मार्ग बुजला, तर थव्यांना दुसरीकडे उडावं लागतं. नेरूळच्या सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तळ्याबाबत नेमकी हीच तक्रार होती. २०२५ मध्ये राज्य सरकारनं या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

धोका जमिनीपुरताच नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाची धडक बसून ३५ हून अधिक फ्लेमिंगो मेले होते.

कधी, कुठे पाहाल?

जानेवारी ते मे हा चांगला काळ. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीनं खाडीत जाता येतं. बोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे निघण्याआधी वेळापत्रक नक्की पाहा. आणि तळ्याकाठी फोटो काढताना ड्रोन उडवू नका. थवा बिथरतो आणि त्याची विश्रांती मोडते.