नकाशावर सुरक्षित असलेलं किल्लारी

भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळेच शिकलोय, की दख्खनचं पठार म्हणजे कठीण, जुनं आणि स्थिर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि मग सगळं थंड झालं. भूकंप वगैरे भानगडी हिमालयाकडच्या!

या समजाला पहिला धक्का कोयनेने दिला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. पण तिथे बोट दाखवायला धरण होतं. जलाशयातल्या पाण्यामुळे खालच्या भेगा सरकल्या हे शास्त्रज्ञांनाही पटलं आणि बाकीचं पठार पुन्हा निर्धास्त झालं, असं मला वाटतं.

मग 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर जमीन हलली. आकडे वेगवेगळे सांगतात, पण मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास धरली जाते. तीव्रता होती जेमतेम 6.2. जपानमध्ये एवढ्या धक्क्याने इतकी माणसं जात नाहीत.

मग इथे का गेली? घरं बघा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आतून दोन वेगळ्या. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे दगडगोटे आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे घर गारेगार असतं, त्यामुळे बांधणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. शेकडो वर्षं ते उन्हाशी लढले, भूकंप त्यांच्या हिशोबातच नव्हता. सरकारच्या तरी कुठे होता? भूकंपाच्या नकाशावर लातूर पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होतं. 1992 मध्ये किल्लारीला छोटे धक्के बसले, लोक घाबरले, पण नकाशा तोच राहिला.

पाच कोटी वर्षांपासून भारताचा तुकडा आशियाला ढकलतोय, अजूनही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. तो ताण हिमालयातच थांबत नाही, पठाराच्या पोटातल्या जुन्या कमकुवत भेगांपर्यंतही पोचतो.

नंतर पन्नासच्या वर गावं नव्या जागी वसवली. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम: लाखभराहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त केली. भिंतीत आरपार जाणारे दगड, वरून काँक्रीटचा सलग पट्टा, माळवदाचं ओझं कमी. साधे, स्वस्त उपाय. पण लोकांनी दगडाची अशी धास्ती घेतली होती की कित्येकांना पत्र्याखाली भाजलेलं चाललं, भिंतीशेजारी झोपणं नको!

2002 साली नकाशा सुधारला, तेव्हा लातूर तिसऱ्या विभागात गेलं. त्या नकाशात मुंबई-पुणंही तिसऱ्यातच. 2001 च्या भूज भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यातल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा होता. आमच्या सोसायटीचाही तसाच आहे. मीटिंगमध्ये मी बांधकामाचे नकाशे मागितले, तर ते कोणाकडेच नाहीत. बिल्डरला पत्र पाठवलंय. बघू.