भूतबंगल्याचे दुसरे दार

शाळेच्या इतिहासात इमारतीची पायाभरणी, मुख्याध्यापकांची परंपरा, शालान्त परीक्षेचे निकाल यांना हक्काची जागा असते. आनंदमेळ्यातल्या भूतबंगल्याला ती कोणी देत नाही. पण आपल्या पिढीतल्या कोणालाही विचारा, भेळेचा स्टॉल कुठे होता हे आठवणार नाही. नववी ‘ब’च्या वर्गात पन्नास पैसे देऊन कोण किती जोरात किंचाळले, हे मात्र नावानिशी आठवेल. म्हणून या भूतबंगल्याच्या घराण्याचा थोडा इतिहास मांडावा, असे वाटले. हे घराणे आपल्या शाळेहून बरेच जुने आहे.

पैसे घेऊन भुते दाखवण्याचा धंदा नावारूपाला आणला तो एतिएन-गास्पार रोबेर या माणसाने. तो मूळचा लिएजचा. ‘रॉबर्टसन’ या नावाने त्याने 1798 मध्ये पॅरिसला आपले खेळ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते एका ओस पडलेल्या मठात हलवले. चाकांवरचा जादूचा कंदील तो पडद्यामागे लपवून ठेवी. कंदील पडद्यापासून मागे नेला की चित्र मोठे होई, आणि अंधारात बसलेल्या लोकांना भूत अंगावर धावून आल्यासारखे वाटे. गंमत अशी, की हा गृहस्थ भौतिकशास्त्राचा अभ्यासक होता. आपण लोकांच्या मनातला भ्रम दूर करायला हे दाखवतो, असेच तो सांगे.

दुसरी मोठी युक्ती लंडनची. हेन्री डर्क्स या अभियंत्याची कल्पना जॉन हेन्री पेपर या विज्ञानशिक्षकाने रंगमंचावर बसेल अशी सुधारली आणि 1862 च्या नाताळात रॉयल पॉलिटेक्निकमध्ये चार्ल्स डिकन्सच्या एका भूतकथेतल्या प्रवेशात ती दाखवली. युक्ती अगदी साधी आहे. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला, की खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो. पेपरने तेच केले. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये मोठी काच तिरकी उभी केली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी भुताचे काम करणारा नट उभा केला आणि त्याच्यावर झगझगीत उजेड टाकला. काचेतले त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर वावरू लागले. दिवा मंद केला की भूत विरले! अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली ‘हाँटेड मॅन्शन’ उघडले, तेव्हा त्याच्या नृत्यदालनातली भुतेही याच काचेतून आली.

आपल्याकडेही ही विद्या अपरिचित नव्हती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1890 च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे पडद्यावर हलताना लोकांनी पाहिली, तेव्हा फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून वीस वर्षे अवकाश होता.

या सगळ्यातले आम्हाला 1987 साली काहीही ठाऊक नव्हते. आमच्याकडे प्रयोगशाळेचे काळे पडदे होते, कपाटाची एक मोठी काच होती आणि विज्ञानाचे सर होते. सरांनी एक अट घातली : ज्याला भूत व्हायचे असेल त्याने आधी काचेची आकृती फळ्यावर काढून दाखवायची, आपाती किरण आणि परावर्तित किरणांसह. परावर्तनाचा नियम त्या आठवड्यात जेवढ्या मुलांना कळला, तेवढा पुस्तकातून कधी कळला नसेल. चित्रकलेच्या बाईंनी मुंजा, हडळ आणि खवीस रंगवून घेतले. सोललेली द्राक्षे डोळे झाली, भिजवलेल्या शेवया आतडी झाल्या, ओल्या गोणपाटावरून अनवाणी चालणे ही तर निव्वळ मेजवानी. बाके उभी-आडवी लावून जो वळणांचा बोळ केला, त्याला नाव दिले ‘चकवा’. गावाकडे ज्याला चकवा लागतो तो रात्रभर एकाच शेताभोवती फिरत राहतो. त्याला वाट सापडत नाही.

या चकव्यातच सरांनी दुसरे दार मागितले. त्यांनी वर्गाचे मागचे दार मोकळे ठेवायला लावले. कंदील आणि मेणबत्त्या त्यांनी नाकारल्या, एका वेळी सहाच जणांना आत सोडण्याचा नियम केला, वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या आणि मागच्या दाराशी शिपाईमामांना स्टूल देऊन बसवले. मेळाभर मामा तिथून हलले नाहीत. भुताखेतांच्या मधोमध खाकी कपड्यातले मामा विडी न ओढता बसलेले, हे दृश्य भयाला पोषक नव्हते, अशी तक्रार वर्गात झाली. सरांनी ती ऐकून घेतली आणि मामांना तिथेच ठेवले.

सरांचा हा आग्रह किती मोलाचा होता, ते इतिहासच सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका करमणूक उद्यानात ‘हाँटेड कॅसल’ होता. मालवाहू ट्रेलर एकमेकांना जोडून त्यात अंधारी वाट केलेली होती. 11 मे 1984 रोजी तिथे आग लागली आणि 8 मुले-मुली दगावली. सगळी तरुण वयाची. पुढे तिथल्या अग्निसुरक्षा नियमांत अशा जागांसाठी खास तरतुदी आल्या. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते : धुराची सूचना मिळताच भुताटकीचे आवाज बंद झाले पाहिजेत आणि दिवे लागले पाहिजेत. भूतबंगल्यात किंचाळी हीच दाद असते, त्यामुळे खरी हाक खोट्या हाकेत बुडते. म्हणून हे काम यंत्रावर सोपवले.

भुते नसलेल्या मंडपातही हेच घडते. हरियाणातल्या डबवाली गावी 23 डिसेंबर 1995 रोजी एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. मंडपाचे कापड कृत्रिम धाग्याचे होते, आणि गर्दीच्या मानाने बाहेर पडायला वाट नव्हती. आगीत चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक मुले आणि त्यांना पाहायला आलेल्या आया होत्या. स्नेहसंमेलनाचा डिसेंबर, कौतुकाने आलेले पालक, रंगीत कापडाचा मांडव. यातले आपल्याला अनोळखी काय आहे?

भूतबंगल्याचा इतिहास असा दुपदरी आहे. रॉबर्टसनपासून आपल्या सरांपर्यंत ज्यांनी भूत मन लावून बनवले, त्यांनी भुताची भीती कमी केली. आमच्या वर्गातला जो मुलगा पिंपळाखालून जायला घाबरे, तो काचेमागे उभा राहून तीन तास मुंजा झाला आणि त्यानंतर संध्याकाळी एकटा घरी जाऊ लागला. हा एक पदर. दुसरा पदर हा, की घाबरायला आलेले मूल आपल्या भरवशावर अंधारात शिरते. त्याला सुखरूप बाहेर काढणे हे भूतबंगला बांधणाऱ्याचे पहिले काम.

यंदाच्या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना पुन्हा भूतबंगला करू द्यावा, अशी सूचना आपल्यापैकी काहींनी केली आहे. जरूर करू द्यावा. आता एलईडी दिवे आले, तापणारे बल्ब गेले. पण थर्माकोल, फ्लेक्स आणि नायलॉनचे पडदेही आले, आणि ते सुती चादरीहून वाईट जळतात. काचेची युक्ती मुलांना आपण शिकवू. भुते कोणती करायची ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. सामान आत जाण्यापूर्वी मागचे दार उघडते का, एवढे आपण स्वतः जाऊन पाहावे, आणि त्या दाराशी स्टूल टाकून बसायला आपल्या बॅचमधून दोघांनी आत्ताच नावे द्यावीत.