तराळाच्या काठीपासून ऑफिसच्या ग्रुपपर्यंत

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातले विंझर हे नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. जवळ राजगड, पुढे तोरणा. हा बराचसा मुलूख १९४८ पर्यंत भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. आज तालुक्याचा निरोप विंझरला मोबाईलवर क्षणात येतो. तेव्हा कचेरीचा हुकूम या डोंगरांतून, पावसाळ्यात ओढे भरलेले असताना, गावोगाव कसा पोहोचत होता? गडकिल्ल्यांवर पुस्तकेच्या पुस्तके लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. आम्हाला पडतो, कारण त्याचे उत्तर आमच्याच घरात आहे. तो हुकूम महाराच्या पायांनी पोहोचत होता.

गावगाड्यात या कामाला नावे होती. वेसकर वेशीवर राखण करी, तराळ घुंगुरकाठी घेऊन निरोप पोचवी. सरकारी टपाल, सारा भरायला पाटलाने धाडलेले बोलावणे, साहेबाचा मुक्काम पडणार याची वर्दी, दवंडी, सगळे त्याच्याच अंगावर. गावात कुणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना खबर द्यायला महारानेच जायचे, गाव कितीही लांब असो. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गावकामांची जी यादी दिली आहे तिच्यात हे मर्तिकाच्या खबरीचे कामही आहे. म्हणजे ज्या माणसाचा स्पर्श चालत नव्हता, त्याच्यावाचून सरकारचेही चालत नव्हते आणि सुतकाचेही. त्याच्या हातातला कागद मात्र त्याला वाचता येऊ नये, ही तजवीज चोख होती.

याची मजुरी काय? वतनाची तुटपुंजी जमीन, बलुत्याचे धान्य आणि कुठेकुठे नावापुरते पैसे. ब्रिटिश मुलखात १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याचे कवच दिले. भोर हे संस्थान, तिथली कचेरी वेगळी. पण कचेरी बदलली म्हणून तराळाची पायपीट कमी झाली असे मानायला आम्ही तयार नाही.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्या वेळचा त्यांचा युक्तिवाद आपल्या पोरांनी आज नोकरीचे नियुक्तिपत्र वाचताना शेजारी ठेवावा असा आहे. वतनदार महाराच्या कामाला तास नाहीत, दिवस-रात्र कधीही हाक येते. कामे कोणती, हे ठरलेले नाही. आणि पाळीचा माणूस घरी नसला तर त्याच्या बापाला, घरच्या बाईमाणसालासुद्धा कामाला ओढता येते. त्यांची मागणी सरळ होती: कामे ठरवा, मोबदला रोख द्या, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्या. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गावकामाची वतने कायद्याने संपली ती १ ऑगस्ट १९५९ ला, बाबासाहेब गेल्यानंतर.

दरम्यान निरोप्याने स्वतःचा निरोप लिहायला घेतला होता. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ आला. आटपाडीच्या तराळाचे पोर शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी आत्मकथेला नाव दिले ‘तराळ-अंतराळ’.

आता आजचे पाहू. वतन गेल्यावर गावात तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल राहिला. चतुर्थ श्रेणी द्या म्हणून कोतवाल कित्येक वर्षे आंदोलने करत आहेत. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंचेही तेच: कामाला ‘सेवा’ म्हणायचे, पगाराला ‘मानधन’. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रात काय घडले ते आठवा. पोषण ट्रॅकरवर माहिती भरण्याची सक्ती झाली. सरकारने दिलेले फोन निकृष्ट, अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. आमच्या मते हा अलीकडच्या काळातला महत्त्वाचा कामगार लढा होता, आणि तो बायांनी लढला.

नागपुरात, दीक्षाभूमीच्या शहरात, सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकेने जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार हद्दीत आहे का, कुठे थांबला, हे सगळे पडद्यावर दिसते. हातमोजे-बुटांसाठी कामगारांना भांडावे लागते, घड्याळ मात्र न मागता मिळते!

हिंजवडीत नोकरी करणारी आपली पोरे म्हणतील, तंत्राला जात नसते. टीम्सवर, झूमवर सगळे सारख्याच चौकोनात दिसतात. हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याचे मोल आम्ही जाणतो. सातबारा ऑनलाईन दिसतो तेव्हा कुणाच्या ओसरीखाली हात जोडून उभे राहावे लागत नाही. पण रात्री अकराला ग्रुपवर ‘अर्जंट’ म्हणून काम टाकले जाते, निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही की सकाळी जाब विचारला जातो, तेव्हा १९२८ चा मुद्दाच समोर येतो. कामाला तास आहेत की नाहीत? घरी लहान पोर मोबाईलवर आईच्या ऐवजी आकडे भरत असेल तर ती घरच्यांना कामाला ओढण्याची जुनीच रीत नव्हे काय?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले. विंझर त्यांच्याच बारामती मतदारसंघात येते. ते विधेयक मंजूर झालेले नाही. शिवाय त्याचा रोख दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांकडे होता. मानधनावरची सेविका, आशाताई, कोतवाल कागदोपत्री पूर्ण कर्मचारीच नाहीत, मग त्यांनी कुठे जायचे?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या सेविकेला, कोतवालाला, ग्रामपंचायतीच्या शिपायाला भेटावे. महिन्याभरात कामाच्या वेळेबाहेर किती आदेश आले, कोणी दिले, किती वाजता, फोनच्या रिचार्जचे पैसे कोणी भरले, हे तारखेनिशी वहीत लिहून घ्यावे. आदेशांचे स्क्रीनशॉट जपावेत. आमच्या आज्याच्या पायपिटीची नोंद कुणी ठेवली नाही. या आदेशांवर वेळ आपोआप छापून येते.