घासाची परीक्षा

इ. स. १८१७ मध्यें लंडन येथील वैद्य जेम्स पार्किन्सन यानें कंपवातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत रोगी अवघे ६, आणि त्यांतले कांहीं तर त्यानें रस्त्यांत पाहिलेले. परंतु त्याची नजर मोठी बारीक होती. प्रथम कांट्यावर अन्न नीट उचलत नाहीं, मग दुसऱ्यानें भरवावें लागतें, पुढें तोंडांतला घासच घशाकडे सरकत नाहीं व लाळ अन्नाच्या कणांसह ओठांबाहेर गळूं लागते, असा ऱ्हासाचा क्रम त्यानें लिहून ठेविला.

मात्र ओठांच्या आड काय घडतें तें त्याच्या डोळ्यांस दिसणें शक्य नव्हतें, आणि खरा धोका तेथेंच आहे. घशांत अन्नाची व श्वासाची वाट एकमेकींस छेदून जातात. निरोगी मनुष्य गिळतो तेव्हां स्वरयंत्र वर उचललें जातें, श्वासनलिकेचें तोंड मिटतें, आणि सुमारें एका सेकंदांत घास अन्ननलिकेंत उतरतो. अर्धांगवायूनें हा मेळ बिघडला कीं अन्न श्वासनलिकेंत शिरतें. ठसका लागला तर घरचीं माणसें सावध होतात. परंतु घशाची संवेदनाच गेली असेल तर ठसकाही लागत नाहीं. अशा रोग्याचें निमूट जेवण पाहून सर्वांस समाधान वाटतें, आणि मागाहून न्यूमोनिया होतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला. लगेच १८९६ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानें त्यांच्या साह्यानें प्राण्यांचें गिळणें पाहण्यास आरंभ केला. तरी बेरियम मिसळलेले पातळ व घट्ट पदार्थ मोजून देऊन रोग्याच्या घशाचें चलच्चित्र घेण्याची पद्धत रूढ होण्यास जेरी लॉगमन यांचा १९८३ चा ग्रंथ यावा लागला. १९९२ ची एक परीक्षा याहून साधी आहे. रोग्यास सुमारें ९० मिलिलिटर पाणी न थांबतां पिण्यास द्यावयाचें, आणि पितांना किंवा नंतर मिनिटभरांत ठसका लागतो काय, आवाज ओलसर होतो काय, तें पाहावयाचें. (हें काम जाणत्याचेंच, घरीं करून पाहण्याचें नव्हे.)

यंत्रानें सर्व कळतें असेंही नाहीं. चित्र कांहीं मिनिटांचें. अर्ध्या जेवणानंतर येणारा थकवा त्यांत सांपडत नाहीं. म्हणून परीक्षक आजही रोग्याच्या ताटाशेजारीं बसतो. मान कशी आहे, चमचा कोण धरतो, गालांत घास उरतो काय, हें तो पाहतो. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेला एखादा रोगी ताटाच्या डाव्या बाजूचें अन्न तसेंच ठेवितो. भूक नाहीं असें समजून कोणी ताट उचलूं जातें, तों परीक्षक तें फिरवून पुढें ठेवितो, आणि रोगी पुन्हां जेवूं लागतो.