पॉलिश केलेल्या लाकूडकामाचे रंगकाम

पूर्वी पॉलिश, व्हार्निश अथवा मेण दिलेल्या दारा-खिडक्यांच्या चौकटी, कठडे, भिंतीलगतच्या पट्ट्या इत्यादी लाकूडकामावर अपारदर्शक रंग चढविण्याच्या कामास पॉलिश केलेल्या लाकूडकामाचे रंगकाम म्हणतात. कोऱ्या लाकडात प्रायमर मुरतो. पॉलिशने मात्र लाकडाची छिद्रे बुजलेली असल्यामुळे रंग केवळ वरच्यावर बसतो. नख लागताच पापुद्रा निघणे हा या कामातील नेहमीचा दोष होय. त्याचे खापर रंगावर फोडले जाते. बहुधा तो अपुऱ्या पूर्वतयारीचा परिणाम असतो.

जुन्या थराची ओळख

स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा चौकटीच्या आडबाजूस थोडा वेळ दाबून धरल्यास लाखेचे पॉलिश मऊ व चिकट होते. मेलामाइन व पॉलियुरेथेन यांवर असा परिणाम होत नाही. मेण दिलेले असल्यास ते प्रथम टर्पेंटाइनने पुसून काढावे लागते. आधीच घासल्यास ते अधिक पसरते.

पूर्वतयारी

स्वयंपाकघराच्या चौकटीवर फोडणीच्या धुराचा, तर कडी-कोयंड्याभोवती हातांचा तेलकट थर साचलेला असतो. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तो काढून, स्वच्छ पाण्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. नंतर १२० ते १५० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावे. घट्ट बसलेले सारे पॉलिश काढण्याची आवश्यकता नसते. चकाकी जाऊन सर्वत्र सारखा मंदपणा आला की पुरे. खोबणी व कोपरे नेमके येथेच राहून जातात आणि पुढे रंग तेथूनच सुटतो.

प्रायमरच्या पहिल्या हातानंतर खिळ्यांची छिद्रे व भेगा लांबीने भरतात, वाळल्यावर घासतात व त्या जागी पुन्हा प्रायमर देतात. सागवान व शिसव यांतील रंगद्रव्य पांढऱ्या रंगातून पिवळट-तपकिरी डागांच्या रूपाने वर येते. ते रोखण्यासाठी मेणविरहित लाखेचा हात आधी देतात. शेवटी इनॅमलचे दोन पातळ हात पुरतात. एकच जाड हात ओघळतो.

दसरा-दिवाळीपूर्वी रंगकाम उरकण्याचा प्रघात महाराष्ट्रात आहे. तथापि पावसाळ्यात फुगलेले लाकूड, विशेषतः कोकणात, तोवर पुरते वाळलेले नसते. दार चौकटीत अडकत असल्यास थांबणेच श्रेयस्कर.

शिशाचा धोका

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करण्यात आले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत ते पुष्कळ अधिक असू शकते. पॉलिशबरोबर जुना रंगही असल्यास तो कोरडा घासू नये. पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने ओला घासावा, धूळ झाडूऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. शिसे लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपायकारक असल्याने काम चालू असताना मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

परत पॉलिश करणे

एकदा रंगविलेली चौकट पुन्हा पॉलिशवर आणणे कष्टाचे असते. रंग खरवडून निघाला तरी सागवानाच्या रेषांत आणि कोरीव नक्षीच्या खोबणीत त्याचा अंश उरतो. त्यामुळे जुन्या वाड्यांतील नक्षीदार चौकटी शक्यतो न रंगविता त्यांचे पॉलिशच नवे करतात.